कमरेच्या वरचा बाप

३ जून २०१२, रविवार
नवी डायरी सुरू. पंपाच्या कंपनीने जानेवारीतच फुकट दिली होती. जूनपासून लिहायला घेतली म्हणजे पाच महिने वाचले.

आज वाटणी झाली. फारकत मार्चमध्येच झाली होती. शाळेची फी निम्मी-निम्मी, असं कोर्टाने सांगितलं. मुलीचा, मोनूचा, बाकी रोजचा खर्च 'उभयतांनी सामंजस्याने करावा' असं लिहून मोकळे. आमच्यात सामंजस्य असतं तर कोर्टाची पायरी कशाला चढलो असतो? शिकलेल्या माणसांना साध्या गोष्टी सुचत नाहीत.

तीन महिने नुसती कटकट. दूध कोणाचं, खोडरबर कोणाचं, वाढदिवसाचा केक कोणाचा. शेवटी केशोराव मामाजींच्या ओसरीवर बैठक. मामाजींनीच आमचं लग्न जुळवलं होतं, तेव्हा गॅरंटी पिरियड संपला असला तरी सर्व्हिस त्यांनीच द्यायची. ओमेश्वरी तिच्या आईला, पुष्पाबाईला घेऊन आली. मी एकटा. मी पुरेसा असतो.

मामाजी कंटाळून म्हणाले, अरे बाप्पा, दोन भावांनी धानाच्या बांध्या वाटाव्या तसं काही करा ना जी. वरची एकाची, खालची दुसऱ्याची. रोज रोज हिशेब कायले?

ते सहज बोलले. पण माझ्या डोक्यात करंट गेला. मी म्हणालो, ठरलं. मोनूच्या कमरेच्या वर जो खर्च होईल तो एकाचा, कमरेच्या खाली जो होईल तो दुसऱ्याचा.

मामाजींनी कपाळाला हात लावला. चांगली कल्पना पचायला वेळ लागतो.

वरचा भाग मी मागून घेतला. अनुभवाचा फायदा. गोरेगावकडची जमीन वाटताना मी वरची बांधी घेतली होती आणि सगळं पाणी वाहून खाली धाकट्या भावाच्या बांधीत गेलं. त्याचं धान पिकलं, माझं नाही. म्हणून तर शेती सोडून मोटर वायंडिंगमध्ये आलो आणि माणूस झालो. खर्चही पाण्यासारखाच खाली धावतो. मोनू वर्षाला तीन जोडे फाडते. मोजे तर हरवायलाच घेते. या वेळी वरची बांधी कोरडी राहण्यातच फायदा.

ओमेश्वरी लगेच म्हणाली, घ्या. काही घासाघीस नाही. अंगणवाडीची सुपरवायझर आहे, पण व्यवहारात कच्ची, बिचारी.

उठताना पुष्पाबाई तिच्या कानात बोलल्या. माझे कान तेज. बंद शटरमागून सांगतो की मोटरची बेअरिंग गेली की वायंडिंग. म्हातारी म्हणत होती, याच्या वाट्याले तर तोंड गेलं वं बाई.

काही अर्थ लागला नाही. म्हातारपण.

१० जून, रविवार
मोनू माझ्याकडे. दर रविवारी मी कुडव्याला, ओमेश्वरीच्या घरी जाऊन तिला मोटरसायकलवर आणायचं, संध्याकाळी सोडायचं, असं ठरलं आहे. आता सहावीत जाईल. तिला वाटणी समजावून सांगितली. खूप हसली. एवढं हसण्यासारखं काय होतं? पण समजली लवकर. माझं डोकं घेतलं आहे. डोकं तसंही वरच येतं.

मग विचारते, पप्पा, बेंबी कोणाची?

मामाजींना फोन केला. ते जेवत होते. म्हणाले, बेंबी म्हणजे धुरा, दोन बांध्यांच्या मधातला बांध. धुरा दोघांचा राहते. आता मले जेवू दे.

शाळेच्या स्कर्टचं इलॅस्टिक ही हद्द नक्की केली.

१९ जून
शाळेची खरेदी. ओमेश्वरीने बूट, मोजे, दोन स्कर्ट, पावसाळी सँडल घेतले. मी दोन शर्ट, टाय, रिबीन. रिबीन किती स्वस्त मिळते! रेनकोटला टेप लावून मापलं. हद्दीच्या खाली जास्त भरला. दुकानदार बघत राहिला. त्यालाही कल्पना आवडली असावी.

असाच विचार करत गेलो तर वर्षाअखेरीस नवं वायंडिंग मशीन घेता येईल.

२ जुलै
मोनूला फळ्यावरचं दिसत नाही. चष्मा.

डोळे वर असतात हे माझ्या ध्यानात होतं. बिघडतात हे नव्हतं.

६ जुलै
दाढ किडली. वर.

९ जुलै
कान फुटला. वर. आमच्या खानदानात कोणाचे कान फुटले नाहीत. हे तिकडून आलं असणार.

११ जुलै
उवा. औषध, बारीक कंगवा, पुन्हा औषध. त्यात सर्दी. एका पोरीला कमरेच्या वर इतका माल असतो याची कोणी कल्पना दिली नव्हती. गुडघे मात्र ठणठणीत. ओमेश्वरीला एक बँडेजपट्टीसुद्धा लागली नाही. मोनूला म्हणालो, बेटा, जरा खेळत जा, पळत जा, पडत जा. ती म्हणाली, कान दुखते पप्पा.

१३ जुलै
ओमेश्वरीचा मेसेज. 'उद्यापासून तिचं खाणंपिणं तुमच्याकडे. तोंड वर आहे.'

आत्ता समजलं म्हातारी काय बोलली होती.

पण मी गप्प बसणारा नाही. मामाजींकडे गेलो. मुद्दा मांडला की अन्न तोंडातून जात असलं तरी त्याची ताकद पायांत उतरते, आणि पाय माझ्याकडे नाहीत. मामाजींनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, डोमनलाल, पाणी बांधीत कुठून येते ते पाहतेत, कुठं जिरते ते नाई. तोंड वर. जाय आता.

निकाल मान्य. मी नियमाचा माणूस. एचएमटी तांदळाचं एक पोतं आणि तुरीची डाळ कुडव्याला पोचवली. पोतं मोठं आहे. पुष्पाबाईही त्यातलंच खाणार. त्यांचंही तोंड वरच आहे.

१५ जुलै, रविवार
पाऊस गेला आहे आणि धानाची रोवणी अर्धी राहिली आहे. सगळे पंप एकदम चालू, व्होल्टेज नाही, मोटरी जळून राहिल्या. तिरोड्यापासून लोक मोटरी घेऊन रांगेत. सुकराम, माझा कारागीर, दोन हातांनी किती करणार? मोनूला आणायला जाणं जमलं नाही.

धंदा आहे तर सगळं आहे. पोरीला कळतं.

२२ जुलै, रविवार
आजही नाही जमलं. एक शेतकरी मोटर घेऊन पायरीवरच बसला. त्याला उठवून शटर ओढायचं म्हणजे बरं दिसत नाही.

दुपारी ओमेश्वरीचा फोन. मोनू दप्तर घेऊन गेटवर उभी होती, उन्हात, म्हणे. मी म्हणालो, टोपी घालायची ना, टोपी मी घेऊन दिली आहे.

फोन ठेवला तिने.

ठराव : पुढचा रविवार नक्की.

२४ जुलै
मोनूचा फोन. पप्पा, मले सायकल घेऊन द्या ना. मग तुमाले यावं नाई लागत. मीच येत जाईन रविवारी. मधातल्या दिवशीबी शाळेतून येता येईल.

माझे कान तेज. ती बोलत असताना मागे बांगड्या वाजल्या. म्हणजे ओमेश्वरी शेजारीच उभी. म्हणजे शिकवून ठेवलेलं. म्हणजे सायकल माझ्या गळ्यात बांधायचा डाव.

मी बांगड्या बरोबर ऐकल्या. बाकी ती काय काय बोलली ते नीट लक्षात नाही.

२९ जुलै, रविवार
सायकलची तारीख मामाजींच्या ओसरीवर. मोनूला आणायला त्यामुळे वेळ झाला नाही. तिच्याच कामासाठी गेलो होतो.

माझा मुद्दा : सायकल पायांनी चालते. ओमेश्वरीचा मुद्दा : हँडल हातांनी धरतात, आणि ब्रेकही हातानेच लागतो. मी म्हणालो, ब्रेक लावल्याने सायकल चालत नाही, थांबते. थांबण्याचे पैसे कोणी देते का? ती म्हणाली, तुमाले थांबण्याची किंमत कधी कळली जी?

हे विषयाला सोडून होतं. मी तसं म्हणालोही.

मामाजी आता बैठकीत पाय वर घेऊन, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसतात. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, सीटपासून खाली सगळी तिची. हँडलवर जे लटकते ते तुझं. आणि माझ्या ओसरीवर आता चपला काढू नका.

जिंकलो! म्हणजे माझ्या वाट्याला आली फक्त घंटी आणि पुढची टोपली. ओमेश्वरीचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला नाही. जिंकणाऱ्याने नम्र राहावं.

४ ऑगस्ट
गोंदियाच्या बाजारात घंटी घ्यायला गेलो. वस्तू लहान असली तरी डोमनलालकडून जाणार आहे. दुकानातल्या सगळ्या घंट्या वाजवून ऐकल्या. काही खोकतात, काही नुसत्या कर्कर करतात. एक मात्र बोलली. दोन बोल : पहिला जाड, दुसरा बारीक, आणि मग हवेत लांब सूर. दुकानदार हात जोडून म्हणाला, भाईसाब, अब ले ही लो, बाकी ग्राहक भाग रहे हैं.

घेतली. टोपलीसोबत पाठवून दिली.

१७ ऑगस्ट, पोळा
मोनूची सायकल आली. लाल. ओमेश्वरीने घेतली, पूर्ण, एकटीने. मोनूने सायकल बैलासारखं बेगड लावून मिरवली, असं सुकराम सांगत होता. तो कुडव्याचाच.

एकंदरीत हा माझ्या आयुष्यातला मोठा विजय मानावा लागेल. आता पेट्रोलही वाचणार. परवा रविवार. मोनू स्वतः येईल.

१९ ऑगस्ट, रविवार
सकाळी दुकान झाडलं. जुन्या मोटरी मागे टाकल्या. सायकल लावायला पत्र्याखाली जागा केली. बालूशाही आणून ठेवली. तोंडाचा विभाग माझ्याकडे आहे.

नाही आली.

दुपारी मीच फोन केला. म्हणालो, काऊन नाही आली बेटा? सायकल पंक्चर आहे का?

ती म्हणाली, नाई पप्पा, सायकल मस्त आहे. पण पाय मम्मीच्या वाट्याले आहेत ना. सायकलबी तिच्याच वाट्याले. तुमच्या वाट्याले तोंड आणि कान. तर बोलून राहिलो ना आपण फोनवर.

हसत बोलली की रागावून, ते कळलं नाही. रेंज खराब असावी.

कायद्याने तिचं बरोबर आहे. माझंच डोकं घेतलं आहे, असं मी वर लिहिलेलं आहेच.

बालूशाही सुकरामने खाल्ली.

२२ ऑगस्ट
सकाळी मोटरचं आर्मेचर हातात असताना घंटी ऐकली. एक जाड, एक बारीक, मग लांब सूर. शाळेचा रस्ता दुकानासमोरूनच जातो. हात पुसून बाहेर येईपर्यंत लाल मडगार्ड वळणावरून गेलं होतं.

घंटी उत्तम घेतली. शंभर घंट्यांत ओळखू येते.

२५ ऑगस्ट
तीन दिवस पाहतो आहे. शाळेत जाताना एक वेळ, येताना एक वेळ. दुकानासमोर वाजवते जरूर, थांबत नाही. रस्ता रिकामा असतानाही वाजवते. समोर कुत्रंसुद्धा नसतं. मग कोणासाठी वाजवते? ट्रॅफिकची शिस्त चांगली लागली आहे.

सायकल थांबली तर मोनू थांबेल. सायकल कशाने थांबते? ब्रेकने, तो तिच्या हातात. किंवा पंक्चरने.

डोकं पुन्हा चालू लागलं.

२७ ऑगस्ट, सोमवार
गोरेगावच्या शेतातून बाभळीचे काटे आणले, पिशवीभर. धाकट्या भावाने विचारलं, काटे कायले दादा? म्हणालो, औषधाला. मोनू यायच्या आधी दुकानासमोर पसरायचे. पंक्चर होईल. समोरच बापाचं दुकान. कुठे जाईल? आत येईल. बसेल. पाणी पिईल. चष्म्याचा नंबर बरोबर आहे का, ते विचारता येईल. एकदम फुलप्रूफ.

पंक्चरचं सामान घेऊन ठेवलं. पाना, पॅच, सोल्यूशन. टायर कमरेखालचा, पण ही बाब मी खास केस म्हणून धरणार आहे.

२८ ऑगस्ट, मंगळवार
सकाळचा अहवाल.

पहिला पोस्टमन. मग दूधवाला, दोन्ही चाकं. मग शाळेचे हेडमास्तर, जे या रस्त्याने कधी येत नाहीत. मग सावित्रीबाई, भाजीची हातगाडी. मग एक लग्नाचा बँडवाला, त्याच्या सायकलला ढोल बांधलेला. सगळे माझ्या पायरीवर. रस्त्यात काटे कोणी टाकले, यावर सगळ्यांचं एकमत झालं की असा माणूस सापडला तर त्याला सोडायचं नाही. मीही हो म्हणालो.

पंक्चरचं काम मला येत नाही. मोटरवाला माणूस. दोन ट्यूब फाडल्या. सुकराम दात काढून हसत होता. कोणाकडून पैसे घ्यायची हिंमत झाली नाही.

मोनूची घंटी आली. एक जाड, एक बारीक. गर्दी बघून तिने कडेने, गवतातून, सायकल काढली आणि गेली. काट्याला शिवलीसुद्धा नाही. चष्म्याचा नंबर बरोबर आहे. तेवढं कळलं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
ओमेश्वरीची स्कूटी. पुढचं चाक.

दुकानात आली. फारकतीनंतर पहिल्यांदा. बँडवाल्याने सरकून बाकावर जागा दिली. सुकरामने न सांगता चहा आणला. मी चाक खोललं. ती टायरमधून काटा ओढून बोटांत फिरवत बसली. मग म्हणाली, कुडव्यापासून इथपर्यंत रस्त्यावर एक बाभूळ नाई.

मी म्हणालो, हवेने उडून येतात.

ती म्हणाली, हो जी. गोरेगावपासून.

सगळे गेल्यावर ती हळूच बोलली. आवाज न चढवता बोलली की मला भीती वाटते. मोटरही जळायच्या आधी अशीच शांत होते. म्हणाली, पाय माझ्या वाट्याले आहेत, पण ते कुठं जातील ते मी ठरवत नाई. मी तिले एकदाबी अडवलं नाई. एक रविवार गेटवर उभी होती. दुसऱ्याही उभी होती. तिसऱ्या रविवारी तुम्ही मामाजींच्या घरी सायकलचा ब्रेक कोणाचा ते भांडत होतात, तवा तिनं दप्तर भरलंच नाई. सायकल तिनं स्वतः मांगली होती. मी तर म्हटलं होतं, रस्ता खराब आहे, नको.

मी म्हणालो, पण फोनवर मागे बांगड्या वाजल्या होत्या.

म्हणाली, पोळ्या लाटत होती जी मी.

मग जाताना म्हणाली, तोंड तुमच्या वाट्याले आहे ना? मग विचारा ना तिले. सरळ.

स्कूटी नीट झाली नव्हती. थोड्या अंतरावर चाक पुन्हा बसलं. मला इथून दिसलं. तिने मागे वळून बघितलं नाही. हे तिच्या स्वभावातलं मोठेपण आहे. पहिल्यांदाच लक्षात आलं.

३० ऑगस्ट
विचारायचं, असं ठरवलं आहे. विचारणे हे तोंडाचं काम, म्हणजे निःसंशय माझ्या वाट्याचं. तरी खात्रीसाठी मामाजींना फोन केला. त्यांनी माझा आवाज ऐकून राँग नंबर म्हटलं.

काय विचारायचं त्याची प्रॅक्टिस केली. सुकरामला मोनू समजून. तो लाजतो.

१ सप्टेंबर
ठराव : उद्या दुकान बंद. कोणाचीही मोटर जळो. पाटी लिहून शटरला लावली : 'खासगी कामामुळे आज दुकान बंद.' दुकान काढल्यापासूनची पहिली पाटी. अक्षर बरं आलं आहे.

२ सप्टेंबर, रविवार
सकाळी निघालो. नवा शर्ट. दुकानासमोरून मोटरसायकल काढली आणि फुस्स. माझ्याच चाकात माझाच काटा. मंगळवारी झाडताना एक राहून गेला होता. पॅच संपलेले. सोल्यूशन वाळलेलं. कुडव्यापर्यंत गाडी ढकलत गेलो. रस्त्यात हेडमास्तर भेटले. म्हणाले, तुम्हालाही लागला का? फार वाईट माणूस असणार तो.

मोनू गेटवरच होती, सायकल घेऊन. मला पाहून तिने घंटी वाजवली. मी विचारलं. जसं पाठ केलं होतं तसं नाही आलं. नुसतंच विचारलं, येशील का?

म्हणाली, आज नाई पप्पा. आज मैत्रिणीकडे, शामकलाकडे जाऊन राहिली, तिचा वाढदिवस आहे. पुढच्या रविवारी पाहते. पण तुम्ही शटर उघडं ठेवजा. मी बंद शटरसमोर उभी नाई राहीन.

मी म्हणालो, ठेवीन. ती म्हणाली, तुम्ही उन्हात टोपी काऊन नाई घातली? आणि गेली. एक जाड, एक बारीक. वळणानंतरही ऐकू येत होती. मग दुसरी कोणती तरी गाडी मधात आली.

मी तिथेच उभा. पुष्पाबाई पाण्याचा गिलास घेऊन आल्या. मला अजून जवाईच म्हणतात, सवय. म्हणाल्या, जवाई, तांदूळ संपले जी. तोंडं वर आहेत.

बरं म्हणालो.

गाडी ढकलत परत. पत्र्याखालची सायकलची जागा पुन्हा झाडून ठेवली, पुढच्या रविवारसाठी. काटे शोधून शोधून वेचले. आता दोन्ही पाय फार दुखून राहिले आहेत. माझे पाय कोणाच्या वाट्याला, ते कोणी ठरवलंच नाही.